मोबदला : त्याचा अर्थ आणि त्याचे मोजमाप

भद्रावतीच्या पंचक्रोशीत चाकरीच्या व कष्टाच्या नाना जाती नांदतात. माजरीकडे कोळशाच्या खाणी आहेत. गावालगत आयुध निर्माणी आहे. वरोऱ्याच्या बाजूस कापसाची शेते पसरली आहेत. पूर्वेस गेले म्हणजे धानाचा मुलूख लागतो आणि त्याच्याही पलीकडे गडचिरोलीचे अरण्य. शाळा सोडून उद्योगास लागलेला तरुण ह्यांपैकी कोठेही असो, भेटणारा मनुष्य त्यास पहिला प्रश्न एकच विचारतो : "किती मिळतात?" हा प्रश्न अयोग्य आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्याच्या आधी विचारावयाचा जो प्रश्न, "कशाचे मिळतात?", तो फारसा कोणी विचारीत नाही. आपण काय दिले हे ज्यास ठाऊक नाही, त्यास आपले काय येणे आहे हेही कळत नाही. आणि ज्यास येणे कळत नाही त्याच्या हातावर जे पडेल तेच तो आपले समजतो. यास्तव मोबदला म्हणजे काय, तो कशाचा व कोणत्या मापाने मिळतो, ह्याचा थोडा विचार विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभी शब्दांकडेच पाहू, कारण आपल्या भाषेत ह्या एका वस्तूस पुष्कळ नावे आहेत व प्रत्येक नावामागे निराळी कल्पना आहे. "मोबदला" हा शब्द मूळ अरबीतला. "बदल" आणि "अदलाबदल" हे त्याचेच भाईबंद. एक वस्तू दिली, तिच्या बदली दुसरी घेतली, हा त्याचा अर्थ. "मजुरी" फारसीतून आली. "मुशाहिरा" ह्या शब्दात महिना ह्या अर्थाचा अरबी शब्द दडला आहे. महिन्याकाठी मिळावयाचा तो मुशाहिरा. "रोजी" दिवसाची असते, कारण "रोज" म्हणजे दिवस. "पगार" हा तर पोर्तुगीजांनी आणलेला पाहुणा, तो इतका घरचा झाला की त्याचे परकेपण आज कोणास जाणवतही नाही. ह्या सर्वांहून जुना असा एक संस्कृत शब्द आहे, तो म्हणजे "भृती". ज्या धातूपासून "भरणपोषण" हा शब्द झाला त्याच धातूपासून "भृती" झाला आहे. आणि "भृत्य" म्हणजे ज्याचे पोषण करावयाचे तो.

वाचकांनी ह्यांपैकी दोन शब्द विशेष ध्यानात ठेवावेत : मोबदला आणि भृती. पहिला म्हणतो, "जेवढे दिलेस तेवढे घे." दुसरा म्हणतो, "ज्याने दिले तो जगला पाहिजे." कामाच्या मोलाविषयी जगात जे जे वाद झाले आणि जे जे कायदे झाले, त्यांच्या मुळाशी बहुधा ह्या दोन वाक्यांचा मेळ घालण्याची खटपट आढळते. नुसती अदलाबदल पाहिली तर उपाशी मनुष्य अर्ध्या मोलातही राबावयास कबूल होईल, आणि सौदा झाला म्हणून तो न्यायाचा ठरेल. उलट नुसते पोषण पाहिले तर कुशल व अकुशल, उद्योगी व आळशी ह्यांत भेद उरणार नाही.

पैशाचे चलन खेड्यात कमी होते त्या काळी मोबदला धान्याच्या रूपाने मिळत असे. सुताराने नांगर दुरुस्त करावा, लोहाराने फाळ शेवटावा, कुंभाराने मडकी द्यावी, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर येऊन प्रत्येकाने आपले बलुते घेऊन जावे, अशी ती रीत होती. तीत एक सोय होती ती ही की, धान्याचा भाव चढला तरी बलुतेदाराच्या घरी दाणा येई. परंतु तीत एक मोठा दोष होता. काम किती, ह्यास माप नव्हते. आणि मोबदला किती, हे कामावरून न ठरता जातीवरून व रूढीवरून ठरे. मुंबई इलाख्यातील महार वतनाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. थोडीशी वतनी जमीन व गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते एवढ्यावर सरकारी व गावकीची कामे करण्यास रात्रंदिवस हजर राहावे लागे, आणि घरचा कर्ता नसेल तर त्याच्या कुटुंबीयांस जावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात ह्याविरुद्ध विधेयक मांडले. ज्या मोबदल्याचे माप ठरलेले नाही, तो कितीही जुना व कितीही पवित्र मानला गेला तरी त्यात मनुष्य बांधला जातो, हे त्या वतनावरून दिसून येते.

आपल्या भागातील सालदारीची रीत ह्याच्याच जवळची. गुढीपाडव्यास साल ठरते. वर्षाची रक्कम, काही धान्य व क्वचित कपडालत्ता असा करार तोंडी होतो. करार तोंडी असला तरी वाईट असतोच असे नाही. पुष्कळ ठिकाणी धनी व सालदार एकमेकांस घरच्यासारखे वागवितात. परंतु लग्नकार्यासाठी वा दुखण्यासाठी सालदाराने "उचल" घेतली आणि ती वर्षाअखेर फिटली नाही, म्हणजे पुढील साल त्याच घरी काढणे त्यास भाग पडते. उचल म्हणजे न केलेल्या कामाचा आधी घेतलेला मोबदला. ती फेडताना किती दिवस भरले व किती उरले ह्याची नोंद नसेल तर ती कधीच फिटत नाही. कर्जापोटी मनुष्यास कामाला जखडून ठेवण्याची ही पद्धत १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविली आहे. तरीही ज्याच्या घरी हिशेबाची वही नाही त्याच्या दारी कायदा आपण होऊन चालत येत नाही.

आता मापाकडे वळू. काम मोजण्याच्या मुख्य रीती दोन : वेळेवरून आणि कामावरून. दिवसभर राबल्याबद्दल ठरलेला रोज मिळतो ती रोजंदारी. आणि एकराची रोवणी, किलोभर कापसाची वेचणी, शेकडा पुडके पाने असा हिशेब असतो तो गुत्ता किंवा उक्ते काम. दुसऱ्या रीतीत चपळ मनुष्यास अधिक मिळते, म्हणून ती पुष्कळांस आवडते. पण तिच्यात एक गोष्ट झाकलेली असते, ती उदाहरणाने सांगतो. समजा, कापूस वेचणीचा दर किलोस १० रुपये आहे. पहिल्या वेच्यात बोंडे भरून फुटलेली असतात. एका बाईने दिवसात ४० किलो कापूस वेचला, तिला ४०० रुपये मिळाले. शेवटच्या वेच्यात बोंडे विरळ असतात. तीच बाई तेवढेच तास तेच ऊन अंगावर घेऊन २० किलो वेचते व २०० रुपये घेऊन घरी जाते. तिचे श्रम निम्मे झाले काय? मुळीच नाहीत. पीक विरळ झाल्याचा तोटा तिच्या अंगावर आला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून उक्त्या कामाचा दर ठरविताना "किलोस किती" एवढेच न पाहता "दिवसभर राबून शेवटी हाती किती" हेही पाहिले पाहिजे. शेतकऱ्याची बाजूही येथे विसरता येत नाही. बाजारात कापसास भाव नसेल तर तो तरी कोठून देणार? परंतु भाव पडला की सर्वांत आधी वेचणाऱ्या बाईचा दर पडावा, हा नियम मात्र निसर्गाने घालून दिलेला नाही.

मग दिवसाच्या मोबदल्यास काही तळ आहे की नाही? त्याच्या खाली जाऊ नये अशी रेषा कोठे ओढावयाची? येथे "भृती" हा जुना शब्द कामास येतो. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात ह्या रेषेचे गणित मांडण्यात आले. कामगार, त्याची पत्नी व दोन मुले असे कुटुंब धरले. कामगाराचा एक भाग, पत्नीचा आठ दशांश, मुलांचे प्रत्येकी सहा दशांश, मिळून तीन भाग होतात. प्रत्येक भागास दिवसाकाठी २७०० कॅलरी अन्न, कुटुंबास वर्षाकाठी ७२ वार कापड, राहावयास जागेचे भाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्च ह्यांसाठी एकंदर रकमेचा पाचवा हिस्सा, असा तो हिशेब होता. बायकामुलांची कमाई ह्यात धरावयाची नाही, असेही ठरले होते.

पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्याच्या निकालात ह्या हिशेबास एक मोलाची भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणासुदीसह थोडे मनोरंजन, म्हातारपणाची व लग्नकार्याची तरतूद, ह्यांसाठी किमान वेतनाचा चौथा हिस्सा धरला जावा, असे न्यायालयाने म्हटले. विद्यार्थिमित्रांनो, ह्या वाक्यात तुमचा उल्लेख आहे. तुमची पुस्तके, तुमची वही, तुमची शाळेत जाण्याची सवड ही आईबापांनी पोट मारून तुमच्यावर केलेली मेहेरबानी असावी असे न्यायास वाटत नाही. ती त्यांच्या कष्टाच्या मोबदल्यातच मिळावयास हवी. आपल्या जिल्ह्यांतून पुष्कळ कुटुंबे मिरची तोडणीच्या हंगामात तेलंगणात जातात आणि त्यांची मुले शाळेच्या हजेरीपटावर नुसत्या नावाने उरतात. त्या मुलांचा बाप अडाणी आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याच्या रोजात ह्या चौथ्या हिश्शाचा मागमूसही नसतो, हे आपण ध्यानात घेत नाही.

रेषा ओढताना गणित चुकले तर काय होते, ह्याचाही एक दाखला आपल्याच विदर्भातला आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शासकीय हिशेबाने महाराष्ट्रातील शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये येत होती. डॉ. अभय बंग त्या काळी वर्धा जिल्ह्यात काम करीत. वैद्यकाच्या ज्ञानाने त्यांनी तो हिशेब पुन्हा तपासला. उन्हात राबणाऱ्या देहास प्रत्यक्ष किती अन्न लागते हे मूळ हिशेबात कमी धरले गेले होते. सगळ्या गरजा नीट धरल्या तर मजुरी १२ रुपये यावयास हवी, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. पुढे राज्यातील किमान मजुरी वाढविण्यात आली. चाराचे बारा होण्यास येथे बेरीज-गुणाकाराची मदत झाली. तेच डॉ. बंग व त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत आरोग्याचे काम करीत आले आहेत, हे वाचकांस ठाऊक असेलच. अंकगणिताचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी ह्या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

किती मिळावे ह्याइतकेच केव्हा मिळावे हेही महत्त्वाचे आहे. कारण उशिरा मिळालेल्या मोबदल्यातून सावकाराचे व्याज आधीच वजा झालेले असते. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी पगार लांबवीत. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने १८८४ साली गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी व दुपारी अर्धा तास विश्रांती ह्यांच्याबरोबर एक मागणी अशी होती की, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी मिळावा. रविवारच्या सुट्टीसाठी १८९० साल उजाडावे लागले. पगाराच्या मुदतीचा सर्व देशास लागू असा कायदा १९३६ साली झाला. किमान वेतनाचे विधेयक, डॉ. आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, १९४६ साली मांडले गेले व १९४८ साली त्याचा कायदा झाला.

ह्याच मजूर खात्याशी कोळशाच्या खाणींचाही एक इतिहास जोडलेला आहे, आणि आपण खाणींच्या शेजारी राहणारे असल्यामुळे तो आपणांस माहीत असावा. महायुद्धाच्या काळात कोळसा अपुरा पडू लागला, तेव्हा स्त्रियांनी जमिनीखाली काम करू नये ही बंदी १९४३ साली मध्यप्रांतात व इतर काही प्रांतांत उठविण्यात आली. ह्या निर्णयावर कडक टीका झाली, व १९४६ साली बंदी पुन्हा लागू करण्यात आली. परंतु त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी हे निदर्शनास आणले की, खाली उतरणाऱ्या स्त्रीस पुरुषाइतकेच वेतन द्यावयाचे हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. समान कामास समान मोबदला हे तत्त्व १९७६ साली देशभर कायद्याने लागू झाले. त्या कायद्यात मोबदल्याची व्याख्या मोठी मार्मिक होती : मूळ वेतन तर खरेच, पण त्याखेरीज नगद वा वस्तुरूपाने जे जे काही द्यावयाचे ते सर्व मोबदल्यातच मोजावे. नाहीतर वेतन समान लिहून भत्त्यात भेद करण्याची वाट मोकळी राहिली असती. शेतात मात्र एकाच धुऱ्यावर निंदणाऱ्या बाईचा रोज व गड्याचा रोज निरनिराळा असल्याचे आजही आढळते.

येथवर आम्ही कष्टाच्या मोबदल्याविषयी बोललो. पण मनुष्य कामात केवळ कष्टच देतो असे नाही. कधी तो आपल्या मालकीची वस्तूही देतो आणि त्यास ते कळत नाही. आपल्या जिल्ह्यांतील तेंदूपत्त्याची गोष्ट ह्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटेपासून सारे कुटुंब रानात जाते, पाने तोडते, घरी आणून जुळविते. सत्तर पानांचे एक पुडके होते, आणि दर असतो तो शेकडा पुडक्यांस. एखाद्या कुटुंबाने दिवसात ३०० पुडके बांधले म्हणजे त्या घरातील लहानथोर हातांनी २१,००० पाने एकेक करून निवडली, असा त्याचा अर्थ. संध्याकाळी फळीवर पुडके मोजून दिले की मजुरी नावावर लागे. पाने कोणाची होती? १९६९ च्या कायद्याने त्यांच्या व्यापाराचा मक्ता शासनाकडे होता. व्यापाऱ्याकडून शासन स्वामित्वधन घेई, आणि तोडणाऱ्यास तोडण्याची मजुरी मिळे. पुढे ह्या स्वामित्वधनातून संकलकांस काही रक्कम वाटली जाऊ लागली, पण ती देणगीसारखी वाटे. हक्काची वाटत नसे.

१९९६ च्या पेसा कायद्याने व २००६ च्या वनहक्क कायद्याने हे चित्र पालटले. तेंदू, बांबू इत्यादी गौण वनोपजांवर रानाशेजारच्या ग्रामसभांची मालकी मान्य झाली. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हाती आला, पण बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना; त्यासाठी गावाने चिकाटी धरली, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसापासून बांबू तोडणाऱ्याच्या हिशेबात दोन ओळी आल्या : एक तोडणीची मजुरी, आणि दुसरी बांबूची किंमत. पहिली ओळ तोडणाऱ्याच्या घरी जाते, दुसरी गावाच्या निधीत. ह्याच वाटेने नंतरच्या दशकात पुष्कळ ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः केले. पूर्वी ह्या दोन ओळी एकच आहेत असे गावकऱ्यांस वाटत असे. म्हणून मजुरी वाढवून मागण्याच्या पलीकडे त्यांची मागणी जात नसे.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव म्हणून एक लहान गाव आहे. त्यास २०१२ साली हजारावर हेक्टर वनाचा असाच हक्क मिळाला. बांबूचा व्यवहार ग्रामसभेने आपल्या हाती घेतला. तेंदूपत्ता मात्र तोडावयाचा नाही असे ठरविले. पाने चांगली फुटावीत म्हणून झाडे छाटावी लागतात, रानात आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळे हातची जातात. शिवाय त्या पानांची विडी होऊन ती पिणाऱ्याचे आरोग्य बिघडविते. हाती येणारा पैसा मोजल्यावर त्यासाठी जाणारे रानही त्या गावाने मोजले आणि सौदा परवडत नाही असे ठरविले. मोबदल्याचा विचार इतक्या पूर्णपणे केल्याचे उदाहरण मोठमोठ्या पेढ्यांच्या कारभारातही विरळा सापडेल.

रानातून आता कचेरीत येऊ. कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण उद्या खाणीत, कारखान्यात वा दुकानात मासिक पगारावर लागतील, आणि तेथेही हिशेबाच्या ओळी एकत्र मिसळलेल्या असतात. पगाराच्या चिठ्ठीत मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे इत्यादी रकाने असतात. खाली भविष्यनिर्वाह निधी वगैरे कपात असते. एकूण आकडा मोठा दिसला म्हणजे नवखा तरुण खूश होतो. परंतु निवृत्तीच्या वेळी मिळणारे उपदान एकूण आकड्यावर मोजले जात नाही. पूर्वीच्या नियमाने ते केवळ मूळ वेतन व महागाई भत्ता ह्यांवर मोजले जात असे. समजा, दोघांचा एकूण पगार २०,००० रुपये आहे. एकाचे मूळ वेतन १०,००० आहे, दुसऱ्याचे ६,००० असून बाकीचे नाना भत्ते आहेत. उपदान वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके असते, व महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरतात. त्या नियमाने दहा वर्षांच्या नोकरीनंतर पहिल्यास सुमारे ५७,६९२ रुपये मिळत आणि दुसऱ्यास सुमारे ३४,६१५ रुपये. दरमहा दोघे बरोबरीचे होते; दहा वर्षांनी तेवीस हजारांचा फरक पडला. ही पळवाट बुजविण्यासाठी २०१९ च्या वेतन संहितेत अशी तरतूद केली आहे की, व्याख्येने वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनातच धरावा. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, जादा वेळेच्या कामास दुप्पट दर असावा, आणि कामगारास वेतनाची चिठ्ठी द्यावी, हेही तीत सांगितले आहे.

भविष्यनिर्वाह निधीसाठी पगारातून रक्कम कापली गेली म्हणजे ती बुडाली असे मानणारे लोक आहेत. वस्तुतः ती कामगाराचीच असते, आणि मालकासही आपल्याकडून तीत भर घालावी लागते. म्हणजे कपातीची ती ओळ हाही मोबदलाच होय, तो फक्त म्हातारपणी हाती यावयाचा आहे. म्हणून कापलेली रक्कम खात्यावर खरोखर जमा होते की नाही हे वेळोवेळी पाहणे हे कामगाराचे काम आहे.

कोणी म्हणेल, "हा सारा पैशाचा विचार झाला, कामात समाधान म्हणून काही आहे की नाही?" आहे, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. मात्र समाधानाचे नाव पुढे करून पैसे कमी देण्याची चाल जगात जुनी आहे, तिच्यापासून सावध असावे. ह्याविषयी शेजारच्या वरोऱ्याची एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाबा आमटे हे तेथे वकिली करीत व नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. भंगी कामगारांनी वाढीव मजुरीसाठी संप केला, तेव्हा ते काम किती कष्टाचे आहे हे करून पाहा, असे त्यांस ऐकावे लागले. त्यांनी खरोखरच काही महिने डोक्यावर मैला वाहिला. कामाचे मोल ठरविणाऱ्याने ते काम एकदा तरी अंगावर घेऊन पाहावे, ह्याहून चांगला नियम आम्हांस माहीत नाही. पुढे १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली, आणि आनंदवनात कुष्ठरोगमुक्तांस भिक्षेऐवजी काम दिले. कष्टाने मिळविलेल्या भाकरीत व हात पसरून घेतलेल्या भाकरीत दाणे तेच असतात. पण पहिली खाणाऱ्याची मान ताठ राहते. मोबदल्यातील हा मानाचा अंश पैशाच्या जागी येऊ शकत नाही, आणि पैसाही त्याच्या जागी येत नाही.

आणखी एका कामाचा उल्लेख केल्याखेरीज हा विषय संपविता येत नाही, कारण त्यास मोबदलाच नाही. २०१९ साली देशात झालेल्या कालविनियोग सर्वेक्षणात असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेचतात, आणि घरकामास हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तासांचे हे काम कोणत्याही हजेरीपटावर नाही. १९५७ च्या गणितात गृहिणीचा भाग आठ दशांश धरला होता. तो तिच्या अन्नाचा होता, तिच्या श्रमाचा नव्हता. बाप खाणीत पाळी करून येतो तेव्हा त्याचा डबा, त्याचे धुतलेले कपडे, त्याची झोप ह्यांची तजवीज आधी कोणीतरी केलेली असते. त्या अर्थी त्याच्या पगारात आईचाही वाटा आहे. तो घरात पैशाने मोजण्याची गरज नाही. परंतु "आई काही करीत नाही, घरीच असते" हे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी तरी पुन्हा येऊ नये.

पालकांस आमची विनंती एवढीच की, घरात एक वही ठेवावी व ती लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे वा मुलीकडे सोपवावे. कोणत्या दिवशी कोठे काम केले, किती तास केले अथवा किती पुडके वा किलो भरले, दर काय ठरला, उचल किती घेतली, हाती किती आले आणि कोणत्या तारखेस, एवढे सहा रकाने तीत पुरेत. पगाराची चिठ्ठी मिळत असेल तर ती त्याच वहीत जपून ठेवावी. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. करारावर सही करण्यापूर्वी तो घरातील शिकलेल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. आणि उद्या ह्याच मुलांपैकी कोणी मालक, मुकादम किंवा अधिकारी झाले, तर त्यांनी अशी वही लिहिणाऱ्यास उद्धट समजू नये; आपलीही वही त्याच्या वहीशी ताडून पाहावी, आणि दोहोंत फरक निघेल तो तेथल्या तेथे मिटवावा.